सुपरग्रूप

सुपरग्रूप : पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील, विशेषतः रॉक संगीतातील, एक संकल्पना. पूर्वी अन्य संचांतून अथवा स्वतंत्रपणे कीर्ती मिळविलेल्या कलावंतांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या नव्या संचास ही संज्ञा लावतात. ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली आणि पुढे जॅझ, कंट्री, लॅटिन अमेरिकी संगीत, ऑपेरा गायन इ. क्षेत्रांतील तत्सम संचांनाही सैलपणे लावली जाऊ लागली. या संचांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता, हा वाद रसिकांत व समीक्षकांत तेव्हापासून चालत आला आहे. वरवर पाहता तो आवडीनिवडीचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी एक महत्त्वाचा प्रश्न आहे : अनेक श्रेष्ठ कलावंत एकत्र आल्याने श्रेष्ठ कलाकृती निर्माण होते काय?

स्वरूप : सुपरग्रूप म्हणून ओळखला जाण्यासाठी संचात तीन गोष्टी असाव्या लागतात. पहिली, संचातील बहुतेक घटक संचस्थापनेपूर्वीच नामवंत असले पाहिजेत. ‘लेड झेपेलिन’ (स्थापना १९६८) हा संच पुढे जगप्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या स्थापनेच्या वेळी जिमी पेज यांचेच नाव काहीसे परिचित होते व गायक आणि ड्रमवादक जवळजवळ अपरिचित होते. म्हणून काटेकोर अर्थाने त्यास सुपरग्रूप म्हणता येत नाही. दुसरी, सर्व घटकांचा दर्जा समान असला पाहिजे. एक मुख्य कलावंत व त्याचे साथीदार अशी रचना येथे अभिप्रेत नाही. तिसरी, संचाने स्वतःची अशी नवी निर्मिती करावी. एखाद्या निधीसंकलनाच्या कार्यक्रमात अनेक नामवंत एका मंचावर आले, तर त्यास सुपरग्रूप म्हणत नाहीत. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे बांगला देशातील निर्वासितांसाठी रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी योजलेला कार्यक्रम या प्रकारचा होता. मात्र या तिन्ही गोष्टी कसोशीने पाळणारे संच थोडेच आढळतात. पुष्कळसा वाद येथूनच सुरू होतो.

पूर्वपीठिका : ही संज्ञा नवी असली, तरी प्रथा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पियानोवादक आल्फ्रेद कॉर्तो, व्हायोलिनवादक झाक तीबो व चेलोवादक पाब्लो कासाल्स या तीन विख्यात एकलवादकांनी त्रिकूट स्थापन केले व ते १९३० च्या दशकापर्यंत टिकले. त्यांनी नवे संगीत रचले नाही. परंतु शूबर्ट, बेथोव्हन इत्यादींच्या रचनांची त्यांची ध्वनिमुद्रणे आजही आदर्श मानली जातात.

⇨जॅझ संगीतात वादकांनी एका रात्रीपुरते एकत्र येणे नेहमीचेच. त्यातील सर्वांत गाजलेली रात्र १५ मे १९५३ ची होय. त्या दिवशी कॅनडातील टोराँटो येथील मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर (सॅक्सोफोन), डिझी गिलेस्पी (ट्रंपेट), बड पॉवेल (पियानो), चार्ल्स मिंगस (बास) व मॅक्स रोच (ड्रम) हे पाच वादक एकत्र आले. बीबॉप ही जॅझची शैली घडविण्यात या मंडळींचा मोठा वाटा होता. त्याच रात्री जड वजनी गटातील जागतिक विजेतेपदाची मुष्टियुद्ध लढत असल्याने सभागृहात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. पार्कर यांनी तेथे प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजविला आणि कंपनीशी असलेल्या करारामुळे ध्वनिमुद्रिकेवर त्यांचे नाव बदलून द्यावे लागले. या पाच जणांचे एकत्रित ध्वनिमुद्रण एवढेच उपलब्ध आहे. सर्वश्रेष्ठ सुपरग्रूप कोणता, या वादात जॅझचे चाहते एका रात्रीच्या या संचाचे नाव आवर्जून घेतात. अमेरिकेतील मेम्फिस येथील सन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात ४ डिसेंबर १९५६ रोजी एल्व्हिस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स, जेरी ली ल्यूइस व जॉनी कॅश हे असेच सहजगत्या एकत्र आले होते. पण ती मित्रांची मैफल होती, संच नव्हता.

उदय : रॉक संगीतातील पहिला सुपरग्रूप म्हणून सामान्यतः ‘क्रीम’ या ब्रिटिश संचाचा उल्लेख करतात. गिटारवादक एरिक क्लॅप्टन (१९४५– ), बास गिटारवादक व गायक जॅक ब्रूस (१९४३–२०१४) आणि ड्रमवादक जिंजर बेकर (१९३९–२०१९) यांनी तो जुलै १९६६ मध्ये स्थापन केला. क्लॅप्टन हे ‘यार्डबर्ड्‌स’ या संचातून व जॉन मेयॉल यांच्या ब्लूज संचातून पुढे आले होते. ब्रूस व बेकर ग्रेअम बाँड यांच्या संचात एकत्र होते व तेथेच त्यांचे हाडवैर जडले होते. आपण इंग्लंडमधील वादकांतील दुधावरची साय आहोत, हा भाव त्यांनी संचाच्या नावातूनच व्यक्त केला. ब्लूजच्या चौकटीत जॅझसारखे दीर्घ उत्स्फूर्त वादन आणणे, ही क्रीमची मुख्य कामगिरी. तोवर तीन मिनिटांत आटोपणारे गाणे मंचावर सोळा मिनिटांहूनही अधिक चालू लागले आणि बास व ड्रम ही साथीची वाद्ये गिटारच्या बरोबरीला आली. त्यांची व्हील्स ऑफ फायर (१९६८) ही जोड-ध्वनिमुद्रिका अमेरिकेत विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. तथापि तिघांपैकी प्रत्येकजण दुसऱ्यावर मात करण्याच्या ईर्ष्येने वाजवीत असे. मंचावरील आवाज उत्तरोत्तर वाढत गेला आणि परस्परांचे ऐकणे कमी होत गेले. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम करून संच विसर्जित झाला. म्हणजे अवघ्या अडीच वर्षांपेक्षाही कमी काळात त्याचे कार्य संपले.

क्रीम सोडण्याच्या क्लॅप्टन यांच्या निर्णयामागे ‘द बँड’ या संचाच्या म्यूझिक फ्रॉम बिग पिंक (१९६८) या ध्वनिमुद्रिकेचा मोठा प्रभाव होता, असे त्यांनीच सांगितले आहे. द बँडमधील पाच वादक अनेक वर्षे दुसऱ्यांच्या मागे साथ करीत एकत्र वाढलेले होते. त्यांच्यात कोणीही तारांकित नव्हता आणि कोणाचेही वादन इतरांवर कुरघोडी करीत नव्हते. सुपरग्रूपच्या पहिल्या नायकास सुपरग्रूपच्या नेमक्या उलट तत्त्वावर उभारलेला संच अधिक श्रेष्ठ वाटावा, ही घटना या विषयाच्या विवेचनात ध्यानी घेण्याजोगी आहे.

१९६८ मध्येच अमेरिकेत सुपर सेशन ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत ऑर्गनवादक अल कूपर यांच्यासह एका बाजूस माइक ब्लूमफील्ड व दुसऱ्या बाजूस स्टीव्हन स्टिल्स यांचे गिटारवादन होते. तिच्या यशामुळे नामवंतांना एकत्र आणण्याच्या कल्पनेस व्यापारी पाठबळ मिळाले.

अपेक्षांचे ओझे : १९६९ मध्ये क्लॅप्टन व बेकर यांनी ‘ट्रॅफिक’ या संचातील स्टीव्ह विनवुड आणि ‘फॅमिली’ या संचातील रिक ग्रेच यांच्यासह ‘ब्लाइंड फेथ’ हा संच उभारला. ७ जून १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा पहिलाच जाहीर कार्यक्रम विनामूल्य झाला व त्यास लाखाच्या आसपास श्रोते आले. संचाकडे स्वतःची गाणी मोजकीच होती. त्यांची एकमेव ध्वनिमुद्रिका ऑगस्टमध्ये निघाली. तीत सहाच गाणी होती. ती इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी गेली. परंतु अमेरिकेच्या दौऱ्यात श्रोते क्रीम व ट्रॅफिक यांच्या जुन्या गाण्यांची मागणी करीत राहिले. नव्या संचाने नवे काही घडवावे, यासाठी लागणारा काळच त्यांना मिळाला नाही. क्लॅप्टन हे दौऱ्यावर सोबत असलेल्या डिलेनी व बॉनी यांच्या तुलनेने अप्रसिद्ध संचाकडे ओढले गेले आणि वर्ष संपण्यापूर्वीच ब्लाइंड फेथ संपुष्टात आला. या संचाच्या नावाचा अर्थ ‘अंधश्रद्धा’ असा होतो. श्रोत्यांनी व कंपन्यांनी त्याच्यावर ठेवलेल्या विश्वासालाही तो लागू पडावा, हा योगायोगच म्हटला पाहिजे.

गीतकारांचा संच : क्रीममध्ये वादनकौशल्य प्रधान होते, तर ‘क्रॉसबी, स्टिल्स अँड नॅश’ या संचात गीतरचना व कंठस्वरांचा मेळ प्रधान होता. डेव्हिड क्रॉसबी (१९४१–२०२३) हे ‘बर्ड्‌स’मधून, स्टीव्हन स्टिल्स (१९४५– ) हे ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’मधून व ग्रेअम नॅश (१९४२– ) हे ‘हॉलीज’ या ब्रिटिश संचातून आले. १९६८ मध्ये लॉस अँजेल्सच्या लॉरेल कॅनियन भागातील एका घरगुती बैठकीत तिघांचे आवाज प्रथम एकत्र जुळले. संच उभा करण्यासाठी कंपन्यांच्या करारांचा गुंता सोडवावा लागला. नॅश ज्या कंपनीशी बांधलेले होते, तिला त्यांच्या मोबदल्यात दुसऱ्या कंपनीकडील रिची फ्यूरे हे गायक देण्यात आले. संचास वेगळे नाव न देता तिघांची आडनावे ठेवण्यात आली. जुन्या संचांतील कटू अनुभव पाहता, एकाला वगळून संचाचे नाव चालविणे कोणालाही शक्य होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका मे १९६९ मध्ये आली. आधीच प्रसिद्ध असलेल्या या तिघांना त्या वर्षाच्या उत्कृष्ट नवोदित कलावंतांचे ग्रॅमी पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी कॅनडात जन्मलेले नील यंग (१९४५– ) त्यांना येऊन मिळाले आणि ऑगस्टमधील वुडस्टॉक महोत्सवात चौघांनी कार्यक्रम केला. देजा व्ह्यू (१९७०) ही त्यांची सर्वांत महत्त्वाची ध्वनिमुद्रिका. ४ मे १९७० रोजी ओहायओ राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या सैनिकांनी केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. या घटनेवर यंग यांनी रचलेले ‘ओहायओ’ हे गीत संचाने त्याच महिन्यात ध्वनिमुद्रित करून लगोलग प्रसिद्ध केले. चार प्रथितयश गीतकारांचा एकत्रित स्वर एखाद्या क्षणी राष्ट्राच्या संतापाचा स्वर होऊ शकतो, हे त्यातून दिसले. मात्र चौघेही स्वतंत्र बाण्याचे असल्याने संच वारंवार फुटला व पुन्हापुन्हा जुळला.

नंतरचे संच : १९७० मध्ये कीथ एमर्सन, ग्रेग लेक व कार्ल पामर या तिघांनी आपापले संच सोडून एक संच स्थापन केला. त्यांनी मूग सिंथेसायझरचा धाडसी वापर केला व मुसॉर्गस्की यांच्या पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन या रचनेचे रॉकमध्ये रूपांतर केले. तंत्रकौशल्याचा अतिरेक, हा आक्षेपही त्यांच्यावर सर्वाधिक घेतला गेला. पामर यांचाच सहभाग असलेल्या ‘एशिया’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये अमेरिकेत खपाच्या यादीत अग्रस्थानी राहिली. पण समीक्षकांनी तिला बेतीव ठरविले.

‘ट्रॅव्हलिंग विलबरीज’ (१९८८) हा संच मात्र योगायोगाने जन्मला. ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांना आपल्या लघुध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूसाठी एक गाणे हवे होते. ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी बॉब डिलन (१९४१– ) यांच्या घरच्या ध्वनिमुद्रणगृहात हे दोघे आणि रॉय ऑर्बिसन (१९३६–८८), टॉम पेटी (१९५०–२०१७) व जेफ लिन (१९४७– ) जमले. दुसऱ्या बाजूला टाकून द्यावे असे ते गाणे नाही, असे कंपनीचे मत पडले आणि त्यातून पूर्ण ध्वनिमुद्रिकेची कल्पना पुढे आली. डिलन यांचा दौरा जवळ आल्याने सुमारे दहा दिवसांत गाणी रचण्यात आली. पाचही जणांनी स्वतःची नावे बाजूस ठेवून विलबरी या काल्पनिक घराण्यातील सावत्र भावांची नावे घेतली. वरवर विनोदी वाटणाऱ्या या युक्तीने सुपरग्रूपचा मूळ आजार, म्हणजे नावाचा अहंकार, दूर ठेवला. ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ६ डिसेंबर १९८८ रोजी, ऑर्बिसन निधन पावले. उरलेल्या चौघांची दुसरी ध्वनिमुद्रिका १९९० मध्ये निघाली. संचाने दौरा कधीच केला नाही.

कंट्री संगीतात जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन व क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्या ‘हायवेमेन’ या संचाने १९८५ ते १९९५ या काळात तीन ध्वनिमुद्रिका काढल्या. डॉली पार्टन, लिंडा रॉनस्टॅट व एमिलू हॅरिस या गायिकांची ट्रिओ (१९८७) ही ध्वनिमुद्रिकाही स्वरमेळाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. न्यूयॉर्कमधील ‘फॅनिया ऑल-स्टार्स’ (१९६८) हा संच एकाच कंपनीच्या नामवंत साल्सा कलावंतांचा असल्याने करारांचा अडसर त्याला नव्हता. जॉनी पाचेको यांच्या नेतृत्वाखाली या संचाने १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये व १९७४ मध्ये आफ्रिकेतील किन्शासा येथे कार्यक्रम केले. साल्सा संगीताच्या जागतिक प्रसारात त्याचा वाटा मोठा आहे. ऑपेराच्या क्षेत्रात लुचानो पाव्हारॉत्ती, प्लासिदो दोमिंगो व होसे कारेरास यांनी ७ जुलै १९९० रोजी, जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येस, रोममधील काराकालाच्या प्राचीन स्नानगृहांत एकत्र गायन केले. त्या वेळी वाद्यवृंदाचे संचालन मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता (१९३६– ) यांनी केले. अलीकडच्या काळात ‘ऑडिओस्लेव्ह’ (२००१–०७) आणि तीन गीतकार-गायिकांचा ‘बॉयजीनिअस’ (स्थापना २०१८) हे संच विशेष गाजले.

भारतीय संदर्भ : हिंदुस्थानी संगीतात सुपरग्रूपची कल्पना सहजी रुजण्यासारखी नाही. तेथील मैफल एका मुख्य कलावंताभोवती रचलेली असते व इतर साथीला असतात. दोन नामवंतांची जुगलबंदी होते. पण राग व ताल यांची सिद्ध चौकट दोघांनाही आधीच ज्ञात असल्याने स्वतंत्र संच बांधण्याची गरज भासत नाही. मराठी रंगभूमीवर मात्र या तत्त्वाशी मिळताजुळता एक प्रसंग घडला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘गंधर्व नाटक मंडळी’ व ‘ललितकलादर्श’ या प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांनी ‘संयुक्त मानापमान’ चा प्रयोग केला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व (१८८८–१९६७) व धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले (१८९०–१९२१) होते. त्यात सरशी कोणाची झाली, याची चर्चा रसिकांत पुढे दीर्घकाळ रंगत राहिली. प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे निधन झाले.

‘शक्ती’ हा संच या संकल्पनेच्या अधिक जवळचा होय. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन (१९४२– ) यांनी व्हायोलिनवादक एल्. शंकर, तबलावादक झाकिर हुसेन (१९५१–२०२४) व घटम्‌वादक टी. एच्. विनायकराम यांच्यासह १९७० च्या दशकाच्या मध्यास तो उभारला. मॅक्लॉफ्लिन यांनी त्यासाठी तरफेच्या तारा असलेली खास गिटार करवून घेतली. हिंदुस्थानी व कर्नाटक पद्धती आणि जॅझमधील उत्स्फूर्त वादन यांचा मेळ घालताना संचाने तबला व घटम् यांना साथीच्या भूमिकेतून बाहेर काढून समान वाटेकरी केले. आरंभी मॅक्लॉफ्लिन वगळता इतरांची जागतिक ख्याती व्हावयाची होती. त्यामुळे पहिल्या पर्वातील शक्ती काटेकोर अर्थाने सुपरग्रूप ठरत नाही. १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने संच पुन्हा सुरू झाला, तेव्हा हरिप्रसाद चौरसिया त्यात होते. पुढे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, तालवादक सेल्वगणेश व गायक शंकर महादेवन हे सहभागी झाले. हे पर्व मात्र सुपरग्रूपच्या सर्व कसोट्यांना उतरते. सॅटरडे नाइट इन बाँबे (२००१) ही ध्वनिमुद्रिका मुंबईतील कार्यक्रमांवर आधारित आहे. धिस मोमेंट (२०२३) या ध्वनिमुद्रिकेस फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. झाकिर हुसेन व विनायकराम यांनी अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट यांच्या प्लॅनेट ड्रम (१९९१) या निरनिराळ्या खंडांतील तालवादकांच्या ध्वनिमुद्रिकेतही भाग घेतला होता.

श्रेष्ठत्वाचा वाद : सर्वश्रेष्ठ सुपरग्रूप निवडताना वापरल्या जाणाऱ्या कसोट्या भिन्न असल्यानेच निष्कर्ष भिन्न येतात. घटकांच्या वैयक्तिक थोरवीची बेरीज करावयाची झाल्यास विलबरीज व मॅसी हॉलमधील पंचक यांना तोड नाही. पुढील संगीतावरील प्रभाव पाहिला, तर क्रीमचे नाव अग्रभागी येते. कारण जड व आक्रमक रॉकची वाट त्या संचाने मोकळी केली. टिकाऊ गीतांची संख्या व सामाजिक आशय या दृष्टीने क्रॉसबी, स्टिल्स, नॅश व यंग यांचा संच सरस ठरतो. दोन संगीतपरंपरांच्या मीलनातून नवी भाषा घडविणे व ती जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही ताजी ठेवणे, ही कसोटी मानल्यास शक्तीचा दावा बळकट होतो. केवळ खपाची कसोटी सर्वांत दुबळी होय. ब्लाइंड फेथ व एशिया यांच्या ध्वनिमुद्रिका अग्रस्थानी गेल्या, तरी श्रेष्ठत्वाच्या चर्चेत त्यांना वरचे स्थान क्वचितच मिळते. घटकांनी अन्यत्र जे केले त्यात नसलेले असे काही या संचात घडले काय, ही कसोटी सर्वांत कठोर व बहुधा सर्वांत न्याय्य आहे. ऑर्बिसन व डिलन यांचे एकेकट्याचे श्रेष्ठ कार्य विलबरीजपूर्वीचे आहे. याउलट क्रॉसबी व नॅश यांच्या आवाजांना जे तेज तिघांच्या मेळात आले, ते त्यांच्या आधीच्या संचांत दिसत नाही.

या वादाच्या काही मर्यादाही आहेत. प्रसिद्ध होणाऱ्या बहुतेक याद्यांत इंग्रजी भाषक पुरुष रॉक कलावंतांचेच संच आढळतात. ट्रिओ, फॅनिया ऑल-स्टार्स वा शक्ती यांचा विचार अभावानेच होतो. शिवाय ही संज्ञा अंशतः विक्रीच्या सोयीसाठी वाढविली गेल्याने अनेक कलावंतांनी ती स्वतःस लावून घेणे टाळले आहे.

मूल्यमापन : सुपरग्रूपचा इतिहास पाहता बहुतेक संच अल्पायुषी ठरल्याचे दिसते. करारांचे निर्बंध, प्रत्येकाचे स्वतंत्र व्यवसाय, श्रोत्यांच्या जुन्या स्मृती व नेतृत्वाविषयीची स्पर्धा ही त्याची प्रमुख कारणे होत. जे संच यशस्वी झाले, त्यांत घटकांनी आपल्या कीर्तीचा काही भाग स्वेच्छेने सोडून दिलेला आढळतो : विलबरीजनी नावे सोडली, नॅश यांनी आपला यशस्वी संच सोडला, मॅक्लॉफ्लिन यांनी विद्युत्‌गिटारचा दणदणाट सोडून बैठक स्वीकारली. क्रीमचे तीन वादक मे २००५ मध्ये त्याच रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा एकत्र आले. १९६८ च्या मानाने वादन संथ व संयत होते आणि ते परस्परांचे ऐकून वाजवीत होते, असे अनेक श्रोत्यांना जाणवले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या कार्यक्रमांनंतर तो संच पुन्हा उभा राहिला नाही.